रमजानचा महिना, खर्ऱ्याची पुडी आणि डॉ. खानोलकर

रमजान सुरू झाला की आपल्या भंडाऱ्यात दोन गोष्टींच्या वेळा बदलतात. एक जेवणाची आणि दुसरी पानठेल्याची. दिवसभर ज्या ठेल्यावर पन्नीत खर्रा घोटण्याचा आवाज थांबत नाही, तिथे रोजेदार गिऱ्हाईक सूर्य मावळेपर्यंत फिरकत नाही. सहेरीची वेळ संपण्याआधी शेवटची चिमूट थुंकून चूळ भरणारा माणूस पुढचे तेरा-साडेतेरा तास तंबाखूला हात लावत नाही. मग मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो, घोटभर पाणी पोटात जाते आणि नमाज आटोपताच अनेकांचे पाय सरळ पानठेल्याकडे वळतात. अकरा महिने जो माणूस सुटतच नाही म्हणून हात टेकतो, तोच एक महिना रोज तेरा तास ती सवय सोडून दाखवतो. या विरोधाभासाकडे आपण हसून पाहतो आणि विसरून जातो.

रमजानच्या या पानावर आपण नेहमी औलिया, सुफी, हकीम, शायर यांची चरित्रे वाचतो. आज ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे तो यापैकी कोणीच नव्हता. तो मराठी नावाचा, मुंबईच्या प्रयोगशाळेत काचेच्या पट्ट्यांवर माणसाच्या तोंडातल्या मांसाचे पातळ काप पाहत आयुष्य काढणारा डॉक्टर होता. त्याने शोधले ते आपल्या जिल्ह्याच्या तोंडाशी आणि म्हणून रोज्याशीही जोडलेले आहे. त्याचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

रोजा म्हणजे फक्त उपाशी राहणे नाही, हे हिंदू-मुस्लिम सर्वच वाचकांना आता ठाऊक आहे. पण रोज्याचा सगळा कारभार चालतो तो तोंडावर. घास तिथे थांबतो, पाणी तिथे थांबते, खोटे बोलणे आणि पाठीमागची निंदा, म्हणजे गीबत, तीही तिथेच थांबायला हवी. प्रेषितांना मिस्वाक प्रिय होती, त्यामुळे पिलूच्या झाडाची ती काडी आजही मशिदीबाहेर विकायला असते. दहाव्या-अकराव्या शतकात अंदलूसमधल्या कुर्तुबा शहराजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी या शल्यविशारदाने आपल्या वैद्यकग्रंथात दातांवरचे कीटण खरवडण्याच्या निरनिराळ्या हत्यारांची चित्रे काढून ठेवली आहेत. तोंड स्वच्छ ठेवणे हा आपल्या परंपरेत इबादतीचा भाग आहे. डॉ. खानोलकरांनी याच तोंडाचा वेगळ्या वाटेने अभ्यास केला.

लंडनहून परळला

खानोलकर म्हटले की मराठी वाचकाला आधी चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजे आरती प्रभू आठवतात, किंवा परमवीर चक्राची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर. वसंतराव त्या मानाने कमी ठाऊक. वैद्यकाच्या जगात मात्र त्यांना भारतातल्या विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक मानले जाते. विकृतिशास्त्र म्हणजे आजाराने शरीराच्या ऊतींमध्ये काय बदल होतात, याचा अभ्यास. रोग्याला तपासणारा डॉक्टर वेगळा आणि रोगाला तपासणारा वेगळा. खानोलकर दुसऱ्या प्रकारचे.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. घेऊन परतले. त्या काळी इतकी मोठी पदवी हाती असलेल्या माणसाला खासगी व्यवसायात भरपूर पैसा मिळाला असता. खानोलकरांनी शिकवण्याचा आणि प्रयोगशाळेचा मार्ग धरला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते विकृतिशास्त्र शिकवत. परळचे हे दुसरे कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले, ते देणगीदारांच्या एका अटीसह. तिथे नेमणुका भारतीय डॉक्टरांच्याच व्हायच्या होत्या. इंग्रजांच्या राज्यात वरच्या जागा साहेबांसाठी राखीव असल्यासारख्या असत, तेव्हा या अटीला मोठा अर्थ होता. भारतीय माणूस रोग बरा करू शकतो हे कोणी नाकारत नव्हते. भारतीय माणूस रोगाचे मूळ शोधू शकतो, हे अजून सिद्ध व्हायचे होते.

ती संधी १९४१ मध्ये आली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाच्या पैशातून परळला कर्करोगाचे इस्पितळ उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. विदर्भातून आज कोणालाही कर्करोगाचे निदान झाले की घरचे लोक ज्या टाटाचे नाव घेऊन मुंबईची गाडी पकडतात, तेच हे इस्पितळ.

हजार रुग्णांचा हिशेब

त्या काळी साहेबांच्या वैद्यकग्रंथांत कर्करोग हा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांचा, सुखवस्तू समाजाचा आणि म्हातारपणाचा आजार समजला जाई. भारतात लोक तितकी वर्षे जगतच नाहीत, मग कर्करोग कुठून होणार, असा समज होता. परळच्या दारात मात्र वेगळेच दृश्य होते. येणाऱ्यांपैकी कितीतरी रुग्णांच्या गालात, जिभेवर, हिरडीवर, घशात गाठ किंवा न भरणारी जखम असे. त्यांत हातावर पोट असणारी माणसे होती, बायका होत्या, ऐन कर्त्या वयातले पुरुष होते.

खानोलकरांनी काय केले, तर मोजायला सुरुवात केली. मुंबईत आलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एकापाठोपाठ एक अशा १००० रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि १९४४ मध्ये त्यांचा आढावा अमेरिकेतल्या नामांकित कर्करोग नियतकालिकात छापून आला. सोयीचे रुग्ण निवडले नाहीत, ओळीने आले तसे घेतले. गाठ तोंडात नेमकी कुठे आहे, रुग्ण कोणत्या समाजाचा आहे, त्याच्या सवयी काय, हे सारे त्यांनी एकमेकांशेजारी मांडून पाहिले.

विडा-तंबाखूवर संशय घेणारे ते पहिले नव्हते. त्रावणकोरमधल्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही शंका मांडली होती, आणि १९३३ मध्ये तिथल्या विडा खाणाऱ्यांवरचा एक लेख लंडनच्या लॅन्सेटमध्ये आला होता. पण इतक्या मोठ्या संख्येने, सूक्ष्मदर्शकाखाली निदान पक्के करून, शिस्तीने घेतलेला हिशेब भारतीयाच्या हातून जगापुढे ठेवला गेला, तो खानोलकरांमुळे. हेही ध्यानात घ्यावे की सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारे इंग्लंडमधले गाजलेले काम १९५० सालचे. परळच्या प्रयोगशाळेत तंबाखूची झाडाझडती त्याआधीच सुरू झाली होती.

जात नाही, सवय

मुंबई हे शहर खानोलकरांना जणू तयार प्रयोगशाळाच मिळाले. एकच हवा, एकच नळाचे पाणी, पण शेजारी शेजारी राहणारे गुजराती, मराठी, मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती. प्रत्येकाचे खाणे वेगळे, नेसणे वेगळे, व्यसन वेगळे. एका समाजात एका अवयवाचा कर्करोग जास्त, दुसऱ्यात दुसऱ्या अवयवाचा. रक्तात दोष शोधण्याची घाई त्यांनी केली नाही. माणसे रोज काय करतात, याकडे त्यांनी बोट दाखवले.

१९४५ मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यांनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात खालच्या ओठाच्या आत खैनी, म्हणजे चुना लावून चोळलेली तंबाखू, धरून ठेवणाऱ्यांना नेमक्या त्याच जागी होणारा कर्करोग होता. त्यात धोतराचा कर्करोगही होता. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट कसलेल्या वस्त्राने कातडी घासली जाऊन तिथे होणारा हा आजार. आज धोतर गेले, तशी ती गाठही दुर्मीळ झाली. खैनी मात्र राहिली, आणि तिच्या बहिणी वाढल्या.

१९५५ मध्ये ल. द. संघवी आणि राव यांच्यासह खानोलकरांचा आणखी एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आता केवळ रुग्णांची यादी नव्हती. रुग्ण आणि रोग नसलेली माणसे यांच्या सवयींची तुलना होती. तंबाखू चघळणाऱ्यांना धोका जास्त तो तोंडाच्या पोकळीत, म्हणजे चघळलेला विडा जिथे टेकतो तिथे. विडी ओढणाऱ्यांना धोका जास्त तो जिभेच्या मुळाशी आणि घशात, धूर जिथे आदळतो तिथे. दोन्ही करणाऱ्यांचे हाल अर्थातच अधिक. तंबाखू एकच, पण तिने शरीरात शिरण्यासाठी जी वाट धरली, त्या वाटेवर तिने खूण ठेवली.

आपल्या जिल्ह्यासाठी या अभ्यासाचा अर्थ किती जवळचा आहे, हे वेगळे सांगायला नको. तुमसर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या विड्या वळल्या गेल्या. तेंदूपत्त्याच्या हंगामावर जंगलालगतच्या गावांचे वर्षाचे गणित चालते. सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसलेल्या बायकांच्या कमाईवर मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, त्यांत मुस्लिम घरेही आहेत आणि हिंदू घरेही. म्हणून तंबाखूला नुसते वाईट म्हणून आपली सुटका होत नाही. वळणाऱ्या हातांना दुसरे काम मिळणे हाही तोंडाच्या आरोग्याचाच प्रश्न आहे.

मिरची की सुपारी?

आता आपल्या भागातल्या तरुणांच्या तोंडाकडे येऊ. सुरुवातीला तिखट लागू लागते. ज्या पोराने सावजी रस्सा घाम पुसत ओरपला, तो साध्या वरणातल्या हिरव्या मिरचीनेही तोंड भाजल्याची तक्रार करतो. मग गालाची आतली बाजू पांढुरकी, चामड्यासारखी होते. मग तोंड उघडणे कमी कमी होत जाते. पाणीपुरी आत जात नाही, दाताच्या डॉक्टरला आरसा घालायला जागा मिळत नाही. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली दोरीसारखे ताठ धागे तयार होतात. पुढे त्यातल्या काहींना कर्करोग होतो.

या आजाराचे आधुनिक वर्णन १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांवरून झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. जोशी यांनी त्याला आजचे नाव दिले. खानोलकरांच्या प्रयोगशाळेनेही हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या सहकारी सत्यवती सिरसाट यांच्यासह त्यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट घटक लावून पाहिला आणि त्यावरचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणूस इतके तिखट खातो, तेव्हा संशय मिरचीवर जाणे स्वाभाविक होते. पुढच्या दशकांत जगभर झालेल्या अभ्यासांनी बोट मिरचीवरून उचलून सुपारीवर ठेवले. सुपारीतली अल्कलॉइड द्रव्ये अस्तराखालच्या पेशींना चेतवतात आणि त्या पेशी गरजेपेक्षा जास्त धागे विणत सुटतात. मिरचीने आजार केला नव्हता. आजार झालेल्या तोंडाला मिरची सोसत नव्हती.

खानोलकरांच्या पिढीचा तर्क पुढच्या पिढीने बदलला, यात त्यांचा कमीपणा नाही. प्रयोग करून, छापून, दुसऱ्यांना तपासायला ठेवणे हीच त्यांची शिकवण होती. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकली. म्हणजे तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर आलो, असे समाधान मानणाऱ्याने अर्धेच अंतर काटले. लग्नात, बारशात, इफ्तारच्या दस्तरखानानंतर मुलांच्या हातात दिली जाणारी गोड सुपारी हीसुद्धा त्यातच आली. आणि आपला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना या तिघांची युती. खानोलकरांनी अभ्यासलेले आणि त्यांच्यानंतर कळलेले असे दोन्ही धोके एकाच पुडीत बांधलेले.

शिष्यांची मोठी शाळा

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, ते खानोलकरांच्या संघटनेतून. तिथे त्यांनी माणसे घडवली. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन पेशींची प्रयोगशाळेत वाढ करण्याचे तंत्र शिकून आल्या आणि त्यांनी या केंद्रात त्या तंत्राची भारतातली पहिली प्रयोगशाळा उभारली. सिरसाटबाईंनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम सांभाळले. ज्या काळात मुलीने मॅट्रिक होणे हीच बातमी असे, त्या काळात खानोलकरांच्या प्रयोगशाळेत स्त्रिया स्वतंत्र संशोधक म्हणून उभ्या राहिल्या.

कुष्ठरोगावरचे त्यांचे कामही विदर्भाने आठवावे असे. ज्या मातीत वर्ध्याजवळ दत्तपूर आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, त्या मातीला हा रोग म्हणजे माणसाला गावाबाहेर काढणारा शाप होता. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांमध्ये ऊतींत आणि मज्जातंतूंत काय घडते, हे खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वेगळा करून वाढवला. पुढे त्यावरून लस तयार करण्याचे प्रयत्न झाले.

मान त्यांना भरपूर मिळाले. पद्मभूषण मिळाले, देशाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद मिळाले, अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या केंद्राचे आणि टाटा इस्पितळाचे १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्रीकरण झाले. नवी मुंबईत खारघरला आज या केंद्राची जी संशोधन वसाहत आहे, तिथल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे.

मोजणीची वाट पुढे गेली

खानोलकरांनी इस्पितळात आलेले रुग्ण मोजले. त्यांच्यानंतरचे लोक गावात गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतशास्त्रज्ञ डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या चमूने १९६६-६७ मध्ये देशातल्या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडे तपासली. पुढे याच परंपरेतल्या संशोधकांनी तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६,००० लोकांना समजावून, भेटून, चित्रे दाखवून सवय सोडवण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये आले. ज्यांना समजावले, त्यांच्यात सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडातले पांढरे चट्टे होण्याचे प्रमाण घटले. बोलण्याने, वारंवार भेटण्याने फरक पडतो, हे आकड्यांनी सांगितले.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांना फक्त उजेडात तोंड नीट पाहायला शिकवले गेले. २००५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये अशा तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. ना महाग यंत्र, ना सुई. एक टॉर्च आणि शिकलेले डोळे.

उपचारांतही परळने जगाला शिकवले. सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की नंतर दिसल्या तर काढाव्यात, हा वाद वर्षानुवर्षे होता. टाटातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये उत्तर दिले. आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबून काढल्या तर ६७.५ टक्के. २०२३ मध्ये त्याच इस्पितळाने आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोके-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात प्रतिकारशक्ती जागवणारे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रेत, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ज्याचा खिसा रिकामा आहे त्याच्यासाठी विचार करणारे हे संशोधन आहे.

तरीही मोजणी दिलासा देत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षभरात सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण झाले. त्यातले जवळजवळ १ लाख ४४ हजार एकट्या भारतातले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरताना आढळले. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, नंतर सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही. पण पुडी मिळते कुठे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शेजारच्या गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरुद्ध मुक्तिपथ नावाची जिल्हाभराची मोहीम चालली, त्यातून आपल्यालाही शिकता येईल.

तेरा तासांचे भांडवल

आता पुन्हा रोजेदाराच्या त्या तेरा तासांकडे पाहू. निकोटीन शरीरात फार टिकत नाही. साधारण दर दोन तासांनी रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होते. म्हणजे असरच्या नमाजपर्यंत रक्तात ते नाममात्र उरते. सोडल्यानंतरची चिडचिड, डोकेदुखी, बेचैनी यांचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. रमजान नेमका एकोणतीस-तीस दिवसांचा. पण रोज संध्याकाळी पुडी उघडली, तर शरीर रोज नव्याने पहिल्या दिवसापासून सुरुवात करते. कष्टाचा भाग रोजेदार सोसतो आणि त्याचे फळ मगरिबनंतर थुंकून टाकतो.

तंबाखू हराम की मक्रूह, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, आणि तो वाद सोडवणे या लेखाचे काम नाही. इतके मात्र सर्वांना मान्य व्हावे की जी नियत दिवसभर टिकते, तिला रात्रीचे चार-सहा तास सांभाळणे अशक्य नाही. तरावीहला उभे राहताना तोंडात बडीशेप असेल, तर शेजारी उभा असलेल्यालाही बरे वाटेल. एकट्याने जमत नसेल तर सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात.

आणि आरशासमोर उभे राहून एक मिनिटाची तपासणी प्रत्येकाने करावी, रोजेदार असो वा नसो. तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का? गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? तिखट अचानक सोसेनासे झाले आहे का? यातले एकही उत्तर खटकले तर दंतवैद्याकडे जावे. भंडाऱ्यात तपासून पुढे गरज पडली तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे. बायोप्सीला, म्हणजे तुकडा काढून तपासायला, आपल्याकडे लोक घाबरतात. चाकू लागला की रोग पसरतो, असे पारावर सांगितले जाते. हा गैरसमज आहे. तो छोटासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय पक्के निदान होत नाही. खानोलकरांचे सारे आयुष्य अशाच तुकड्यांकडे पाहण्यात गेले आणि त्यातूनच आजचे उपचार उभे राहिले.

खर्ऱ्याच्या पुडीला जात नसते, धर्म नसतो. एका पुडीतून चार मित्र चिमूट घेतात, त्यात अन्वर असतो, तसा प्रशांतही असतो. म्हणून हा महिना फक्त रोजेदाराचा नाही. दोस्त दिवसभर तोंड आवरून बसला आहे, तर आपणही त्याच्यासमोर पुडी उघडू नये, आणि संध्याकाळी त्याला ठेल्याऐवजी चहाला न्यावे, एवढी सोबत कोणीही करू शकतो. ईदला तोच दोस्त घरी बोलावेल, शीरखुर्म्याची वाटी पुढे करेल. ती खायला दोघांचीही तोंडे नीट उघडली पाहिजेत.